दोन पाट्या

(नाशिक जिल्ह्यातील सटाणा परिसरात कांद्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. या पिकाच्या कामात लहान मुले घरच्यांना कशी मदत करतात, ती मदत केव्हा चांगली असते आणि केव्हा ती मदत राहत नाही, हे या पाठात समजावून सांगितले आहे.)

मुलांनो, मराठीत ‘पाटी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जिच्यावर आपण अक्षरे गिरवतो ती एक पाटी. शेतात कांदे, माती किंवा शेणखत भरून नेण्याची जी टोपली असते, तिलाही पाटीच म्हणतात. शहरातल्या मुलांना पहिली पाटी माहीत असते. शेतकऱ्याच्या मुलांना दोन्ही माहीत असतात. या दोन पाट्यांची गोष्ट समजून घ्यायची, तर आपल्याला सटाण्याला जावे लागेल.

सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. ते आरम नदीच्या काठी वसले आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला साल्हेर, तो याच तालुक्यात आहे. तुमच्यापैकी जे मालेगावात राहतात, त्यांना सटाणा परका वाटायला नको. मालेगाव शहरातून वाहणारी मोसम नदी बागलाणच्या डोंगरांतूनच येते. आरम नदीवर केळझरचे आणि मोसम नदीवर हरणबारीचे धरण आहे. या पाण्यावर आणि विहिरींच्या पाण्यावर येथे मका, डाळिंब, द्राक्षे आणि मुख्य म्हणजे कांदा पिकतो. तुम्ही घरी ज्याला ‘प्याज’ म्हणता, तोच हा कांदा.

शेतीची भाषा तुम्हांला फार अवघड जाणार नाही. त्यातले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. पावसाळ्यातील पीक ते ‘खरीप’ आणि हिवाळ्यात पेरून उन्हाळ्यात काढायचे पीक ते ‘रब्बी’. हे दोन्ही शब्द अरबीतून आले. खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत ऋतू. ‘हंगाम’ हा शब्द फारसीतला. पाण्याखालची शेती ती ‘बागायत’, पावसावरची शेती ती ‘जिरायत’. तुमच्या ‘जिराअत’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. जमीन नांगरून, भुसभुशीत करून तयार करण्याला मराठीत ‘मशागत’ म्हणतात. हा शब्द ‘मशक्कत’पासून झाला. मशक्कत म्हणजे कष्ट. शेतीत पहिले पाऊलच कष्टाचे असते, हे या शब्दाने किती नेमके सांगितले आहे!

आता कांद्याचे पीक कसे येते ते पाहू. कांदा वर्षातून तीन हंगामांत घेतात. पावसाळ्यातील लाल कांदा फार दिवस टिकत नाही; तो काढला की लवकर विकावा लागतो. त्यानंतर येतो तो रांगडा कांदा. आणि एप्रिलच्या सुमारास निघतो तो उन्हाळ कांदा. हा उन्हाळ कांदा चार-पाच महिने साठवता येतो. म्हणून पावसाळ्यात तुमच्या घरी येणारा कांदा बहुधा उन्हाळ्यात काढून ठेवलेला असतो.

कांद्याच्या बियांना या भागात ‘उळे’ म्हणतात. ते काळे आणि अगदी बारीक असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते वाफ्यांत टाकतात. सहा ते आठ आठवड्यांत त्याची रोपे तयार होतात. मग ती उपटून, जुड्या बांधून दुसऱ्या शेतात लावतात. दोन ओळींत पंधरा सेंटीमीटर आणि दोन रोपांत दहा सेंटीमीटर अंतर ठेवतात. तुम्ही गणित करून पाहा. एका चौरस मीटरमध्ये सुमारे ६६ रोपे बसतात. बांध आणि पाण्याचे पाट सोडले, तरी एका एकरात दोन लाखांहून अधिक रोपे होतात. बहुतेक ठिकाणी हे प्रत्येक रोप कोणीतरी वाकून, हाताने लावलेले असते.

इतके काम दोन हातांचे नाही. म्हणूनच लागवडीच्या दिवसांत घरातले सगळे शेतात असतात. आई, काकू आणि शेजारच्या बाया ओळीने बसून रोपे लावतात. आजोबा पाण्याचे बारे देतात, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी सोडतात. अशा वेळी पाच-सहा वर्षांचे मूल काय करील? ते रोपांच्या जुड्या नेऊन देते. जुडी हलकी असते. पण लावणारीला प्रत्येक जुडीसाठी उठून बांधापर्यंत जावे लागले, तर तिची कंबर मोडेल आणि वेळही जाईल. ते मूल धावत येते, जुडी हातात देते आणि पुन्हा पळते. तहान लागलेल्यांना तांब्याने पाणी देणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, शेळीच्या करडाला पाला घालणे, ही कामेही त्याचीच. ही कामे लहान दिसतात. ती कोणी केली नाहीत, तर मात्र सगळ्यांचा खोळंबा होतो.

खरी घाई असते ती काढणीची. कांदा तयार झाला, हे कसे ओळखतात? कांदा जमिनीत पोसला, की नवी पाने येणे थांबते. पानांचा बुडखा, म्हणजे कांद्याची मान, मऊ पडते आणि पात आडवी होते. याला ‘माना पडणे’ म्हणतात. शेतातील निम्म्या रोपांच्या माना पडल्या, की काढणी सुरू होते. त्याच्या दहा-पंधरा दिवस आधीच पाणी तोडलेले असते. उपटलेले कांदे तीन-चार दिवस शेतातच वाळवतात. पण उन्हाने कांदा भाजू नये, म्हणून एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातील, अशा रीतीने ते मांडतात. मग बोटाच्या पेराएवढी किंवा थोडी अधिक मान ठेवून पात कापतात. मान अगदी मुळापासून कापली, तर तेथून बुरशी आत शिरते आणि कांदा सडतो.

विळ्याने पात कापणे हे मोठ्यांचे काम. कापलेले कांदे वेचणे हे मुलांचे आवडते काम. सटाण्याजवळच्या एखाद्या शेतावर तुम्ही एप्रिलमध्ये सकाळी गेलात, तर मोठ्या पाट्यांच्या मागे एक छोटी पाटी हमखास दिसेल. तिच्यात दहा-बाराच कांदे मावतात. पाटी भरली, की तिचा मालक ती दोन्ही हातांनी पोटाशी धरतो आणि ढिगापर्यंत जातो. वाटेत एखादा कांदा घरंगळतो. तो उचलायला वाकावे, तर आणखी दोन घरंगळतात. तरीही पाटी ढिगावर रिकामी होते आणि मोठ्याने घोषणा होते, “आबा, माझ्या पाच पाट्या झाल्या!” आबाही लगेच म्हणतात, “अरे वा! मग आता सहावी आण.” संध्याकाळी ढिगाकडे बोट दाखवून ते मूल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “यात माझेपण कांदे आहेत.”

या अभिमानाला हसू नका. तो खोटा नाही. खेळातली भातुकली आणि हे काम यांत मोठा फरक आहे. भातुकलीतला भात कोणी खात नाही. हे कांदे मात्र चाळीत जातात, बाजारात जातात आणि कोणाच्या तरी ताटात पोहोचतात. आपण केलेल्या कामाचा खरोखर उपयोग झाला, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. म्हणून त्याचा ऊर भरून येतो.

थोडे मोठे झाले, की मुलांना कांदे निवडायला बसवतात. एकसारखे, गोल, घट्ट कांदे एकीकडे. लहान कांदे, म्हणजे ‘गोल्टी’, दुसरीकडे. दोन डोक्यांचे जोडकांदे तिसरीकडे. काही कांद्यांना फुलाचा दांडा आलेला असतो. त्याला या भागात ‘डोंगळा’ म्हणतात. असा कांदा टिकत नाही, म्हणून तोही बाजूला. विळा लागलेला, उन्हाने भाजलेला, मऊ पडलेला कांदा तर चाळीत मुळीच टाकायचा नाही.

चाळ म्हणजे कांदे साठवण्याची लांब, अरुंद खोली. तिचा तळ जमिनीपासून उंच असतो आणि भिंतींना फटी असतात. कांदा काढल्यावरही जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता बाहेर टाकतो. चाळीत वारा खेळला नाही, तर कांद्याला घाम सुटतो, असे शेतकरी म्हणतात. म्हणून कांद्याचा थर चार-पाच फुटांपेक्षा उंच ठेवत नाहीत. एवढी काळजी घेऊनही काही कांदे सडतात आणि काहींना कोंब येतात. सडलेल्या एका कांद्याचे पाणी झिरपले, की खालचे चांगले कांदेही नासतात. घरातील लोकांनी भाव वाढेल या आशेने चार महिने वाट पाहिलेली असते. त्या कांद्यावरच कर्ज फेडायचे असते, पुढच्या पिकाचे बियाणे आणायचे असते, मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय करायची असते. निवडताना एखाद्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीने मऊ कांदा बोटांनी ओळखला आणि बाजूला टाकला, तर तिने काय वाचवले, याचा विचार करा.

या कामातून मुले शिकतातही. ढीग मोजताना बेरीज येते. माना का पडतात, हे पाहताना विज्ञान येते. आणि अवकाळी पावसाचे ढग दिसताच सगळे घर कापड घेऊन ढिगाकडे धावते, तेव्हा एकजूट म्हणजे काय, हे न शिकवता कळते.

पण मुलांनो, शेतातले प्रत्येक काम मुलांचे नसते. कीटकनाशक म्हणजे विषच. त्याच्या फवारणीच्या वेळी मुलांनी शेतात थांबू नये आणि त्याच्या रिकाम्या डब्यांना हात लावू नये. कठडा नसलेली विहीर, विजेची मोटार, ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र यांच्याजवळ मुलांचे काम नाही. पन्नास किलोची गोणी दोन मुलांनी मिळूनही उचलायची नाही. भर दुपारच्या उन्हात लहानांनी सावलीत बसावे. मूल दमले, तर ‘पुरे’ म्हणण्याचा त्याला हक्क असावा. मदतीची ही पहिली खूण आहे. मदत करणारा केव्हाही थांबू शकतो.

दुसरी खूण शाळेची. कांद्याची काढणी मार्च ते मे या महिन्यांत येते. वार्षिक परीक्षाही याच दिवसांत येते. ‘आजचा एकच दिवस शाळा बुडव’ असे कोणी म्हणते. मग तो एक दिवस आठवडा होतो. लागवडीच्या वेळीही तसेच घडते. वर्गात मागे पडलेल्या मुलाला शाळा परकी वाटू लागते आणि एक दिवस त्याची पाटी-दप्तर कोपऱ्यात पडते. सकाळी शाळा आणि संध्याकाळी तासभर कांदे वेचणे ही मदत झाली. शाळेच्या वेळात कांदे वेचणे ही मदत नव्हे.

त्याच शेतात कधी कधी दुसरे एक मूल दिसते. त्याच्या आईवडिलांची ती जमीन नसते. काढणीच्या मजुरीसाठी ते दुसऱ्या गावाहून आलेले असतात. गावी मुलाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून ते बरोबर आलेले असते. तेही पाटी भरते. पण ढिगाकडे बोट दाखवून ‘यात माझे कांदे आहेत’ असे त्याला म्हणता येत नाही. पाट्या कमी भरल्या, तर घरची मजुरी कमी होते, म्हणून त्याला थांबताही येत नाही. त्याची शाळा मागे गावी राहिलेली असते. दोन मुले, दोघांच्या हातांत सारखीच पाटी. पण एकाचे काम मदत आहे आणि दुसऱ्याचे मजुरी. बाहेरून हा फरक दिसत नाही. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

आपल्या देशाचा कायदा हा फरक मानतो. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ साली झाला आणि २०१६ साली त्यात सुधारणा झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कोठेही कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत आपल्या घरच्या कामात मदत करण्याची मात्र मुभा आहे, तीही काम धोक्याचे नसेल तरच. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. हा हक्क जमीन असलेल्याच्या मुलाचा आहे, तसाच मजुराच्या मुलाचाही आहे. कामासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलालाही जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो. एखादे मूल संकटात आहे असे दिसले, तर १०९८ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

हा प्रश्न फक्त आपला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ कोटी ८० लाख मुले बालमजूर होती. त्यांतील ६१ टक्के मुले शेतीत होती. कारखान्यातील मूल डोळ्यांत भरते. शेतातील मूल मात्र ‘घरचेच काम करते आहे’ म्हणून नजरेतून सुटते.

काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा विचार आपल्याकडे मोठ्या माणसांनी केला आहे. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी शिक्षण परिषद भरवली. मुलांनी हाताने उपयोगी काम करता करता शिकावे, अशी त्यांची कल्पना होती. या शिक्षणाची योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडील भागात, बोर्डी आणि कोसबाड येथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दुसरी वाट शोधली. तेथील आदिवासी मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. झाकीर हुसेन यांनी काम शाळेत आणण्याची योजना केली. ताराबाई आणि अनुताईंनी शाळा कामाच्या जागी नेली. कामासाठी मुलाचे शिक्षण सुटू नये, ही तळमळ मात्र एकच होती.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शेती नसेल. पण घर आहे, दुकान असेल, कारखान्याचे किंवा मागाचे काम असेल. आईला दळण आणून देणे, आजीच्या औषधाची वेळ सांभाळणे, लहान भावाचा अभ्यास घेणे, अब्बांच्या दुकानाचा हिशेब वहीत उतरवणे, यांतले काही ना काही तुम्ही करतच असाल. ते मन लावून करा आणि त्याचा अभिमान बाळगा. आईवडिलांच्या कामाला हात लावल्याशिवाय त्या कामाचे मोल कळत नाही. मात्र मशीनच्या पट्ट्याजवळ जाण्याचे किंवा शाळा बुडवण्याचे काम सांगितले, तर ‘हे मी करणार नाही’ असे अदबीने, पण स्पष्ट सांगा. आणि शेजारी एखादे मूल शाळेच्या वेळात पाटी वाहताना दिसले, तर आपल्या गुरुजींना किंवा बाईंना त्याच्याविषयी सांगा.

कांद्याची पाटी हातात घ्यायला सुट्टीचा दिवस आहे, संध्याकाळ आहे आणि पुढे मोठे झाल्यावर सारे आयुष्य आहे. अक्षरांची पाटी हातात घ्यायचे वय मात्र एकदाच येते.

शब्दार्थ

वाफा – शेतात बांध घालून केलेला लहान चौकोन
जुडी – एकत्र बांधलेली रोपे
पात – कांद्याची हिरवी पाने
खोळंबा – काम अडून राहणे
भातुकली – स्वयंपाकाचा खोटा खोटा खेळ
अवकाळी – वेळ नसताना आलेला
कुरण – गुरे चरण्याची गवताळ जागा
मुभा – परवानगी, सवलत
अदबीने – आदराने, नम्रपणे

वाक्प्रचार

ऊर भरून येणे – आनंदाने किंवा अभिमानाने मन भरून येणे
सांगड घालणे – दोन गोष्टींचा मेळ घालणे
नजरेतून सुटणे – लक्षात न येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पाटी’ या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(आ) कांद्याच्या बियांना सटाणा भागात काय म्हणतात?
(इ) पात कापताना कांद्याची मान का ठेवतात?
(ई) कुरणशाळा कोणी सुरू केली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) चाळीत कांद्याचा थर फार उंच ठेवत नाहीत.
(आ) सडलेला एक कांदाही चाळीत राहू देत नाहीत.
(इ) शेतातील बालमजूर नजरेतून सुटतात.

प्र. ३. ‘मदत’ आणि ‘मजुरी’ यांतील फरक पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.

प्र. ४. उपक्रम : उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे शेती व बाजार यांविषयीचे दहा शब्द शोधा. दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ एकच आहे का, ते पाहा.